कारखान्याच्या माळ्यावरचा स्टुडिओ : आमची वाटचाल

आमचं घर पेणचं. गणपतीचा कारखाना आजोबांपासूनचा. खाली शाडू, साचे, रंगांचे डबे. वर माळ्यावर आमचे संगणक. 2017 साली मी आणि माझ्या मामेभावाने गेमची पात्रं संगणकावर करायचा स्टुडिओ काढला, तेव्हा दुसरीकडचं भाडं परवडण्यासारखं नव्हतं. आज आम्ही सात जण आहोत, भाडंही परवडेल, तरी माळा सोडायचं कुणाच्या मनात नाही.

पहिली दोन-अडीच वर्षं दुसऱ्यांच्या गेमसाठी कार्टून पात्रं करून देण्यात गेली. पात्रामागे ठरलेले पैसे मिळायचे. थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर ब्लेंडर, कारण ते फुकट आणि पूर्ण मोकळं. जुलै 2019 मध्ये त्याची 2.80 ही आवृत्ती आली आणि आमच्याकडे खूप फरक पडला. हमरापूरच्या दोन मुली तेव्हा नुकत्याच आल्या होत्या, आधी सीझनला मूर्ती रंगवायच्या. जुन्या ब्लेंडरमध्ये वस्तू उजव्या क्लिकने निवडावी लागायची, ते त्यांच्या हाताला बसतच नव्हतं. नव्यात डावा क्लिक आला आणि आठवड्याभरात दोघी माझ्यापेक्षा वेगाने काम करायला लागल्या.

आमचं पहिलं मोठं पात्र क्लायंटकडून परत आलं होतं, ते सांगायलाच हवं. धोतर नेसलेले गोलमटोल आजोबा. धोतराच्या चुण्या मी मूर्तीसारख्या एकेक कोरल्या. थ्रीडी मॉडेल म्हणजे बारीक त्रिकोणांची जाळी; आमचं झालं साठ हजारांवर त्रिकोणांचं. क्लायंटच्या फोनवर गेम अडखळत चालला, आणि आजोबांनी हात वाकवला की कोपर चिमटलेल्या नळीसारखं दिसायचं. मूर्ती एकाच मुद्रेत बसते. मॉडेलला वाकायचं असतं, म्हणून कोपर, गुडघा, तोंडाचे कोपरे, पापण्या इथे जाळीच्या कडा गोलाकार, ओळीने फिरलेल्या लागतात; कोपराला निदान तीन. बाकी अंग जितकं साधं तितकं बरं. चुण्या जाळीत कोरायच्याच नाहीत, टेक्श्चरवर, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्रात, रंगवायच्या. हे कळायला मला एक नाकारलेलं काम आणि तीन महिने लागले. आता आमचं मुख्य पात्र साडेतीन-चार हजार त्रिकोणांत बसतं.

खाली कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवणारे आमचे आबा तेव्हा वर येऊन स्क्रीनकडे बघत उभे राहायचे. एकदा म्हणाले, "बाय, जरा लांबून बघ गं." मी खुर्ची मागे घेतली. "आता सगळं काळं कर." मी रंग काढून पात्राची नुसती सावली ठेवली, आणि ते आजोबा आहेत की गाठोडं, हे मलाच सांगता येईना. तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही पात्र आधी काळ्या आकृतीत पास व्हावं लागतं. रंग त्यानंतर.

2021 मध्ये स्वतःचा गेम करायचं ठरलं. लहान मुलांसाठी, मराठी अक्षरं आणि शब्द शिकवणारा, खाडीकाठच्या प्राण्यांचा. नायिका चिंबोरी, म्हणजे खेकडी. तिला आठ पाय आणि दोन नांग्या, म्हणजे मॉडेल हलवायला आत बसवतात त्या सांगाड्यात हाडंच हाडं. मामेभाऊ धरमतर खाडीच्या चिखलात ओहोटीला जाऊन मोबाईलवर चिंबोऱ्यांच्या चाली टिपून आणायचा.

खरी अडचण डोळ्यांची होती. कार्टूनचा डोळा लांबट हवा आणि बुबुळ फिरायला हवं. गोल डोळा खोबणीत छान फिरतो, पण लांबट केला की फिरताना पापणीतून बाहेर येतो. आठ-दहा प्रकार करून पाहिले. शेवटी उत्तर खालच्या मजल्यावर मिळालं. आमच्याकडे मूर्तीचे डोळे रंगवण्याला आखणी म्हणतात. सगळं रंगकाम झाल्यावर ती शेवटी करायची, आणि आमच्या कारखान्यात ती फक्त आबा करतात. आम्ही डोळ्याच्या जागी थोडी फुगीर चकती ठेवली आणि बुबुळ वेगळ्या चित्रात घेतलं. इंजिनमध्ये, म्हणजे गेम ज्यावर बनतो आणि चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, ते चित्र चकतीवरून सरकवलं की नजर फिरते. हाडं नाहीत, गोळा नाही. आणि ते बुबुळ आबांनी कागदावर ब्रशने आखलेलं आहे. आम्ही फक्त स्कॅन केलं. चिंबोरी पहिल्यांदा डावीकडे बघून थांबली तेव्हा माळ्यावर कुणी बोललं नाही.

इंजिनची निवड मात्र पात्रांनी केली नाही, अक्षरांनी केली. सुरुवातीला अनरीअल हे इंजिन उघडून बघितलं. सुंदर आहे, पण स्वस्त फोनवरच्या बालगेमसाठी आम्हाला ते अवजड वाटलं. मग दुसरं एक लोकप्रिय इंजिन घेऊन वर्षभर काम केलं. त्यात चिंबोरी धावत होती, नांग्या हलवत होती, आणि डोक्यावर तिचं नाव चुकीचं उमटत होतं. ऱ्हस्व वेलांटी 'च'च्या आधी यायच्या ऐवजी नंतर येऊन लोंबकळायची. 'पक्षी' हा शब्द 'पक् षी' असा फुटायचा. रोमन अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम भागतं. देवनागरीत अक्षरांची जागा बदलावी लागते, जोडाक्षर घडवावं लागतं, आणि ती पायरीच तिथे नव्हती. आम्ही प्रत्येक शब्दाचं चित्र करून लावलं. चारशेच्या वर चित्रं. एक शब्द बदलायचा तर चित्र नवं, आणि गेमचा आकार वाढतच चाललेला. अक्षर शिकवणाऱ्या गेममध्ये अक्षरच चुकीचं दिसावं, हे मला झोपू देत नव्हतं.

गोडो इंजिन माहीत होतं. अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं, 2014 पासून मुक्तस्रोत, एमआयटी परवान्याचं, म्हणजे कुणीही फुकट वापरावं असं. पण त्याच्या तिसऱ्या आवृत्तीतही देवनागरीचं तेच रडगाणं होतं. मार्च 2023 मध्ये 4.0 आली, तिच्यात मजकूर मांडण्याची व्यवस्था नव्याने केलेली होती, आत हार्फबझ. क्रोम आणि फायरफॉक्स अक्षरं घडवायला हीच लायब्ररी वापरतात. मामेभावाने रिकाम्या पडद्यावर टाइप केलं : चिंबोरी, पक्षी, श्रीखंड, वाऱ्यावर. चारही शब्द बरोबर. त्याच रात्री आम्ही स्थलांतर ठरवलं.

ते सोपं गेलं नाही. कोड सगळा जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या भाषेत परत लिहिला. ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड अक्षाची, गोडोत वाय अक्षाची. मॉडेल एकीकडून दुसरीकडे नेणारी जीएलटीएफ फाइल ही अदलाबदल आपोआप करते, पण आमच्या जुन्या मॉडेल्सचा स्केल, म्हणजे मोजमाप, नीट लावलेला नव्हता, त्यामुळे बगळा चिंबोरीच्या नखाएवढा उतरला. जुन्या फोनसाठी साधा रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) निवडला, सावल्या काढून टाकल्या आणि पायाखाली एक गोल काळसर डाग ठेवला. मुलांना तो पुरतो.

आमचं स्थलांतर चालू असतानाच, सप्टेंबर 2023 मध्ये, युनिटी या गेम इंजिनच्या कंपनीने इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं. धंद्यात सगळीकडे तीच चर्चा. वर्षभराने ते पूर्ण रद्दही केलं. आम्हाला मात्र त्या काळात एक गोष्ट पटली : परवान्याचा कागद इंजिन घेण्याआधी वाचायचा. एमआयटीचा एका पानात संपतो.

चारशे चित्रं मी स्वतः पुसली. गेमचा आकार निम्म्याखाली आला, आणि आता शिक्षकांनी नवा शब्द सुचवला तर पाच मिनिटांत तो आत जातो.

सध्या बगळ्याचं काम चालू आहे. मान नऊ हाडांची केली आहे, आणि मासा टिपायला ती वळली की मधेच पिळवटते. हमरापूरची मोठी मुलगी म्हणते हाडं सात करू. आबांनी डोळा आखून ठेवला आहे, कागद संगणकाशेजारी वाळतोय.