कानामागचा बझर

काल दिवाळीची सुट्टी संपवून चिपळूणहून दादरला परतताना सातवीतल्या भाचीने स्वतः जोडलेले यंत्र माझ्या कानामागे अडकवले: बटणाएवढा सेल, चिमुकला बझर आणि मान पुढे कलताच जुळणारा स्विच. मी ते हसण्यावारी नेले. परंतु माणगाव ओलांडल्यावर, जेवणानंतरच्या सुस्तीत, तो कर्कश वाजला तेव्हा माझी मान खरोखरच कलली होती, हे कबूल केले पाहिजे. लगेच गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटे झोप काढली, मग चहा घेतला.

वाटेत तिला सांगितले की, तीन बिंदूंचा सीटबेल्ट १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोहलिन या अभियंत्याने घडवला. "मग मागे बसलास की तू तो का लावत नाहीस, मामा?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. रविवारी तिला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात नेणार आहे, आणि तिने मागितलेली सोल्डरिंग गनही घेणार आहे.