चाइल्ड सीट काखोटीला मारून गाडी बघायला

दापोली तालुक्यातल्या आमच्या घराची शेवटची चढण तांबड्या मातीची आहे. मागच्या पावसाळ्यात आमची छोटी गाडी तिथे रुतली. बाबांनी छत्री टाकून धक्का मारला आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन ओसरीवर आले. तेव्हाच ठरलं, आता सहा माणसांची फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी गाडी.

टाटा सफारीला २०२३ साली भारत एनसीएपीत, म्हणजे गाडी आदळवून तिची सुरक्षितता ताऱ्यांत मोजणाऱ्या चाचणीत, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही पाच तारे मिळाले, पण तिला फोर बाय फोरच नाही. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनला आहे, तीही फक्त डिझेलमध्ये. तिला तशीच चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनसीएपीने डिसेंबर २०२२ मध्ये मोठ्यांसाठी पाच तारे दिले, मुलांसाठी मात्र तीन. गाडीच्या गप्पांत सगळे पाचच सांगतात. मुलं मागे बसवायची म्हणून मला तीनची काळजी.

स्कॉर्पिओ-एनच्या टेस्ट ड्राइव्हला धाकट्याची चाइल्ड सीट सोबत नेली. सेल्समन हसला. पण ती आयसोफिक्सला, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या चाइल्ड सीटसाठीच्या कड्यांना, अडकवल्यावर कळलं, की मधली सीट पुढे उलटवूनच तिसऱ्या रांगेत जाता येतं आणि चाइल्ड सीट लावलेली बाजू उलटत नाही. म्हणून ती ड्रायव्हरच्या मागे आणि डावी बाजू मोकळी, हे तिथेच ठरलं. तिसरी रांग उघडली की डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. शिवाय मागे बसणाऱ्याचं डोकं मागच्या काचेच्या फार जवळ येतं. तिथे लेकीला बसवायचं मन होईना. तरी घेतली तीच. आता दूरच्या प्रवासाला तिथे मीच बसतो आणि गाडी बायको चालवते. ती माझ्याहून शांत चालवते, हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

ताम्हिणी घाट उतरताना पहिल्याच पावसात एका वळणावर ब्रेक जोरात दाबला गेला. एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर पायाला जाणवली, गाडी थांबली, पण वाटलं होतं त्याहून पुढे जाऊन. चारही चाकांना ताकद मिळते ती गाडी ओढायला. थांबवायचं काम टायर आणि ब्रेकचंच, आणि वजन तर जवळजवळ दोन टन. तेव्हापासून टायरची हवा दर महिन्याला तपासतो.

घरच्या चढणीवर मी चाकं फिरायला लागल्यावर फोर हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड, लावलं. शेजारचे काका ओरडले, "अरे, रुतल्यावर काय लावतोस? खालूनच लाव!" खालून लावलं आणि गाडी निमूट वर आली. डांबर लागलं की मात्र ते आठवणीने काढावं लागतं, कोरड्या रस्त्यावर वळताना गिअरवर ताण येतो.

पुण्यातल्या पार्किंगमध्ये १९१७ मिलिमीटर रुंदी दोन खांबांमध्ये बसवायची म्हणजे आधी सगळ्यांना उतरवायचं. आईने पहिल्या दिवशी विचारलं, "एवढी उंच घेतलीस, चढायचं कसं रे मी?" फूटस्टेप लावूनही तिचा पाय पोचेना. शेवटी देवघरातला जुना पाट गाडीत ठेवला. डिकीतली एक पिशवी त्याच्यासाठी कमी झाली.