एटीव्हीच्या एक्सलचे डबल नट आणि घरी बनवलेले दोन पाने

गेल्या पावसाळ्यात मावसभावाच्या एटीव्हीचं (वाळूवर फिरवतात ती चार जाड चाकांची बाईक) काम काढलं तेव्हापासून हे लिहायचं होतं, आत्ता कुठे वेळ मिळाला. नागावला बीचवर त्याच्या चार गाड्या फिरतात, पावसाळ्यात धंदा बंद म्हणून त्या चारही गाड्या तेवढे महिने आमच्या पडवीत येतात आणि मग माझ्या हाताला काम मिळतं.

ज्यांनी एटीव्ही खालून बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा चेनच्या गाडीत मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच सरळ एक्सल असतो, चेनचं स्प्रॉकेट (दातेरी चक्र) त्याच्यावरच बसतं आणि ते जागेवर राहावं म्हणून एक्सलवर दोन मोठे पण पातळ नट शेजारी शेजारी लावलेले असतात. ह्या गाडीचे नट मी व्हर्नियरने मोजले, सपाट बाजू ते सपाट बाजू ४६ मिलीमीटर आणि जाडी प्रत्येकी ११. हे दोन नट एकमेकांवर आवळलेले असतात म्हणून सुटत नाहीत, एक जरी ढिला झाला की स्प्रॉकेटचा हब (एक्सलवर बसणारा मधला भाग) हलायला लागतो आणि मग हबचे आणि एक्सलचे दाते एकमेकांना खात सुटतात. नवा नट स्वस्त आहे, नवा एक्सल नाही.

भावाच्या एका गाडीचे नट आदल्या सीझनला एका गॅरेजमध्ये छन्नी हातोडीने आवळून दिले होते. नटाच्या कडेला छन्नी लावायची आणि ठोकायचं, आपल्याकडे सर्रास चालतं हे, पण मी चाकाचा हब काढून बघितलं तर नटाचे तीन कोपरे गोल झालेले, एका बाजूला बोटाला लागेल एवढी खाच, आणि एवढं ठोकूनही आतला नट हाताने फिरत होता. मला खरंच वाईट वाटलं, कारण ह्या गाडीवर लोक लहान पोरांना पुढ्यात बसवून फिरतात.

आता तुम्ही म्हणाल ४६ चा पाना विकत मिळतो की, मिळतो ना, पण कामाला येत नाही. सॉकेट लावावा तर नटाच्या पुढे वीतभर एक्सल बाहेर आलेला असतो, सॉकेट नटापर्यंत पोचतच नाही. रिंग पाना एक्सलवरून आत जातो पण तो एवढा जाड असतो की दोन्ही नट एकदमच पकडतो, आणि आपल्याला तर एक धरून दुसरा फिरवायचाय. म्हणजे पाना पातळ हवा आणि एक नाही, दोन हवेत. सगळी मेख इथेच आहे, एका पान्याने हे काम होत नाही.

पहिल्यांदा मी घाईत ६ मिलीमीटरच्या प्लेटमधून उघड्या तोंडाचा पाना कापला. नटावर मस्त बसला, जोर दिला आणि तोंड पसरलं. साधं लोखंड आहे ते, एवढ्या जोराला उघडं तोंड टिकत नाही. मग लक्षात आलं की चाकाचा हब तर आपण काढलेलाच आहे, नटसुद्धा ह्याच टोकाकडनं चढवलेला असतो, मग तोंड उघडं ठेवायची गरजच काय, बंद रिंग एक्सलवरून सरकवत नेता येते.

भंगारवाल्याकडनं १० मिलीमीटरच्या एमएस (साध्या लोखंडाच्या) प्लेटचे दोन तुकडे घेतले. नट ११ चा म्हणून प्लेट १० ची, म्हणजे शेजारच्या नटाला पाना अडकत नाही. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा पण पडला होता, तो जास्त कडक असतो, पण त्याला वेल्डिंग केलं की जोडाशेजारीच तडकायची भीती, म्हणून तो सोडला. लेथवाल्या काकांकडनं दोन्ही तुकड्यांना ४६.३ मिलीमीटरचं गोल भोक बोअर करून घेतलं. षटकोनाच्या आत बसणारा गोल हा सपाट बाजूंच्या अंतराएवढाच असतो, त्यामुळे भोक पडलं की सहा बाजूंचं मुख्य काम झालेलंच असतं, उरतात ते फक्त सहा कोपरे. कोपरा ते कोपरा अंतर ५३ च्या जरा वर जातं, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात साडेतीन मिलीमीटर कानसायचं.

ते मात्र सावकाश. पुठ्ठा नटावर दाबून पेन्सिल घासली, छाप उमटला, तो कापून प्लेटवर ठेवून टोच्याने रेघा मारल्या आणि तिकोनी कानस घेऊन बसलो. पन्नासेक हात मारायचे, नट लावून बघायचा, जिथे चमक दिसेल तिथेच परत घासायचं. एका पान्याला एक अख्खी दुपार गेली. ग्राइंडरने आत शिरायचा मोह होतो पण तिथे एकदा जास्त कापलं गेलं की पाना कोपऱ्यावर सरकतो आणि छन्नीवाल्यासारखाच नट खातो. बाहेरची बाजू ग्राइंडरने गोल केली, भोकाभोवती १४ मिलीमीटर तरी लोखंड ठेवलं. दांडा म्हणून ३२ बाय १० ची पट्टी, अर्धा मीटर, दोन्ही बाजूंनी वेल्डिंग. दांडा सरळ न लावता १५ अंश तिरका लावला, म्हणजे चेसिसला अडला तर पाना उलटा करून घालायचा, ३० अंशांचा फरक मिळतो.

बाहेरचा जुना नट सोडवायला आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलं होतं, खाऱ्या पाण्याने गंज चढलेला. गॅसने तापवायच्या भानगडीत पडलो नाही कारण शेजारीच बेअरिंगचं रबर सील आहे. सकाळी पाना लावला आणि नट कुईं करून सुटला, भाऊ तिथेच उभा होता, त्याचा विश्वास बसेना.

आवळताना नवे नट घेतले, आटे वायर ब्रशने साफ केले, निळं लोकटाइट (आटे ढिले होऊ न देणारा डिंक) लावलं. आधी आतला नट स्प्रॉकेटच्या हबवर घट्ट बसवायचा, मग बाहेरचा त्याला टेकवायचा. आता टोकाकडनं बघत बाहेरच्या नटाचा दांडा डावीकडे, आतल्याचा उजवीकडे, दोन्ही वर तोंड करून, आणि मग दोन्ही दांडे कात्रीसारखे एकमेकांकडे दाबायचे. बाहेरचा पुढे आवळतो, आतला उलटा फिरून त्याच्यावर चढतो आणि दोघं आट्यांमध्ये घट्ट रुततात. फक्त बाहेरचा आवळून सोडून देतात ना, तिथेच फसतं. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर २५ किलोचा जोर म्हणजे साधारण १२३ न्यूटन-मीटर (नट आवळायच्या जोराचं माप), तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल त्याप्रमाणे जोर कमीजास्त करा. वजनाचा अंदाज येत नसेल तर ताणकाटा दांड्याच्या टोकाला अडकवून ओढा, मी तेच केलं.

शेवटी चारही गाड्यांना दोन्ही नट आणि एक्सलवरून पांढऱ्या ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारली. नट हलला तर रेघ तुटते, खाली वाकून बघितलं तरी कळतं. भावाला सांगून ठेवलंय, रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुताना रेघ बघायची. दिवाळीची गर्दी झाली, नाताळ झाला, परवा मी गेलो तेव्हा त्याने स्वतःच टॉर्च मारून दाखवली, चारही गाड्यांची रेघ सरळ होती. पाने त्याच्याच शेडमध्ये खिळ्याला टांगलेत, शेजारचा गाडीवाला दोनदा मागून घेऊन गेला, त्याचे नट ४१ चे निघाले, त्यामुळे पुढच्या रविवारी परत काकांच्या लेथवर.