सँपल वेगळ्या पातेल्यात

घरची मिसळ फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं: उसळ आणि सँपल, म्हणजे मिसळीवर ओतायचा पातळ रस्सा, एकाच पातेल्यात होतं. मग हाती लागते पातळ उसळ, आणि वर कितीही फरसाण घातलं तरी ती उसळच राहते. पुण्यातल्या जुन्या उपाहारगृहात बशी कशी भरतात ते बघा. तळाला थोडे पोहे आणि बटाट्याची भाजी, त्यावर मटकीची अंगासरसा रस असलेली उसळ, मग शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, आणि शेवटी वरून कढत सँपल.

नारायण पेठेत बेडेकर टी स्टॉलचं सँपल गोडसर, तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनमध्ये आलं आणि हिरवी मिरची पुढे. कुठंही गेलात तरी सँपल आधी वाटीत वेगळं मागून घ्या आणि दोन चमचे नुसतंच प्या. मसाला, आंबट, गूळ यांचं माप तेव्हाच कळतं. शेव भिजली की तिचं बेसन आणि मीठ सगळ्यावर पसरतं. बाहेर खाण्याचा खरा फायदा हाच, की घरी काय जमवायचं ते जिभेला आधी ठाऊक होतं.

चार जणांना एक वाटी मटकी पुरते. आठ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा आणि फडक्यात बांधा. पाणी राहिलं तर मटकी बुळबुळीत होते, आंबूस वास मारते. एप्रिलमध्ये दहा-बारा तासांत मोड येतात, डिसेंबरच्या थंडीत त्याच्या दुप्पट वेळ सहज लागतो. दाण्याएवढा मोड पुरे. गणंग दाणे आत्ताच वेचून टाका, शिजल्यावर दाताखालीच सापडतील. कुकर नको, एका शिट्टीत लगदा होतो. हिंग-हळदीच्या फोडणीत परतून, झाकणीवर पाणी ठेवून पंधरा मिनिटं शिजवा. मीठ, गोडा मसाला, आमसूल आणि गूळ मटकी मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडलं तर दाणा कितीही शिजवा, दडदडीतच राहतो.

आता सँपल, म्हणजे खरं काम. दोन मध्यम कांदे उभे चिरून थोड्या तेलावर तांबूस करा. घाई केली आणि कच्चट कांदा वाटला, तर वाटण कडवट होतं आणि ती चव उकळूनही जात नाही. अर्धी वाटी सुकं खोबरं वेगळं भाजा, बदामी रंगावर लगेच ताटात काढा, कारण गरम कढईत ते पुढं भाजतच राहतं. इंचभर आलं आणि सहा-सात लसूण पाकळ्या घालून सगळं गंधासारखं बारीक वाटा. वाटण भरड राहिलं तर सँपल चोथापाणी होतं.

चार मोठे चमचे तेल तापवून मोहरी तडतडवा आणि गॅस बंद करा. दहा-पंधरा सेकंद थांबून दोन चमचे बेडगी तिखट घाला आणि लगोलग वाटण. तिखट धूर निघणाऱ्या तेलात पडलं की काळं पडतं, मग तर्री, म्हणजे वर तरंगणारं तेल, लाल होत नाही. मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. एक चमचा गोडा मसाला, मीठ, पाच वाट्या उकळतं पाणी, चिंचेचा कोळ एक चमचा, सुपारीएवढा गूळ. झाकण न ठेवता मंद आचेवर पंधरा मिनिटं. खळाखळा उकळलं तर तेल सँपलमध्येच मिसळून जातं, तर्री वर तरंगत नाही.

सँपल पाण्यासारखं पातळ वाटलं तरी घाबरू नका, बेसन लावून दाट तर मुळीच करू नका. खालचे पोहे ते ओढून घेतात. म्हणूनच पोहे कोरडे, मोकळे हवेत, आणि बटाट्याच्या भाजीत हळद-मिरचीपलीकडं काही नको.

सोबत साधे ब्रेडचे स्लाइस, न भाजलेले. सँपलचं पातेलं जेवण होईपर्यंत बारीक गॅसवर ठेवा आणि फरसाण माणूस पाटावर बसल्यावरच घाला.