तुम्ही विचारलंत म्हणून: मग अजून चर्चला का जाता?

"चर्चमध्येही जातिभेद आहे म्हणता, मग दर रविवारी जाता कशाला?" आंबेडकरी चळवळीतले मित्र हे विचारतात, ऑफिसातले सवर्णही विचारतात. मित्रांना वाईट वाटत असतं. दुसऱ्यांना बरं वाटत असतं, म्हणून त्यांना आधी सांगते: ही जात आमच्याबरोबर गावातूनच आली.

सरकारच्या लेखी तर ती बाप्तिस्म्याबरोबर संपते. १९५०च्या आदेशात अनुसूचित जाती जवळपास फक्त हिंदूंच्या होत्या. १९५६ साली सगळे शीख आले, १९९० साली बौद्ध आले. आम्ही दलित ख्रिस्ती अजून बाहेरच.

घरी येणारे पाहुणे मात्र जात संपली असं धरत नाहीत.

माझ्या मुलीला आमच्याच मंडळीतलं, म्हणजे आमच्याच चर्चमधलं, स्थळ आलं होतं. मुलाची आई आणि मी गायकगटात अकरा वर्षं शेजारी उभ्या राहिलो, दोघींत एक गीतपुस्तक. त्यांचे पणजोबा ब्राह्मणातून आलेले, हे सगळ्यांना ठाऊक. आमचं कुणी कधी विचारलं नव्हतं. प्रार्थना झाली, चहा झाला आणि त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्याकडचं मूळ आडनाव काय हो?" मी सांगितलं. त्यांनी कप बशीत ठेवला, अगदी हळू. "असं होय," म्हणाल्या. मग मुलीच्या नोकरीबद्दल दोन गोष्टी विचारल्या आणि उठल्या. अर्धा कप चहा तसाच राहिला. तो कप विसळताना माझे हात थरथरत होते. चार दिवसांनी पाळकसाहेबांकरवी निरोप आला, मुलाचा आत्ता लग्नाचा विचार नाही. सहा महिन्यांत त्याचं लग्न झालं.

त्या निरोपानंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षरस घ्यायचा विधी. मुलाची आई प्याल्याला ओठ लावून उठल्या, आणि तोच प्याला माझ्यापुढे आला.

बरीच वर्षं मी लोकांना सांगत असे, त्या एका प्याल्यासाठी जाते. गावात पाणवठा वेगळा होता, इथे प्याला एक आहे. आता मला हे उत्तर पुरत नाही. प्याला चालतो, सून चालत नाही, तर मी कसली समता मिरवत होते? कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचं धोरण काढताना चर्चमध्ये भेदभाव असल्याचं कबूल तरी केलं. आमच्या मंडळीतले वडीलजन म्हणतात, ख्रिस्तात भेदच नाही, विषय काढू नका.

पण मी तरी कुठे काढला होता? त्या स्थळाच्या कितीतरी आधी माझ्या धाकट्या भावाला मंडळीतलीच एक मुलगी आवडली होती. तिचं घर मांगातून आलेलं, आमचं महारातून. घरात सगळे गप्प बसले तेव्हा मीच त्याला म्हणाले, "आपल्यातली बघू रे." तेव्हा मला हे भांडण टाळणं वाटलं होतं. त्याने ऐकलं.

ती अजून भक्तीला येते. पलीकडच्या बाकावर बसते, बाहेर पडताना मला सलाम करते. मीही करते. त्याबद्दल मी तिच्याशी अजून एक शब्द बोललेले नाही.