सीटी मशीनवरचं शिरस्त्राण

जपानमध्ये नागोयाजवळच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या ॲल्युमिनियम कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, एक्स-रे सीटी स्कॅन होतं. आत पोकळी राहिली का, चीर गेली का, एवढंच बघायचं. त्या दिवशी मात्र मशीनच्या फिरत्या तबकडीवर एका संग्राहकाचं सामुराई शिरस्त्राण, म्हणजे काबुतो, ठेवायचं होतं. सोबत जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. कपाळाच्या वर हातभर उंच, चपटा, काळ्या रोगणाचा सुळका. काटो कियोमासा या जुन्या सरदाराचं याच घाटाचं शिरस्त्राण इथल्या तोकुगावा संग्रहालयात आहे. नागोयाच्या किल्ल्याच्या मुख्य बुरुजाचा दगडी पाया रचणारा तोच हा कियोमासा, त्यामुळे इथे त्याचं कौतुक जरा जास्तच.

"वरून धरू नका हं, खालून उचला," बाईंनी बजावलं. कारण स्क्रीनवर कळलं.

लोखंडातून किरण पार जावेत म्हणून व्होल्टेज चढवलं, तर सुळका जवळजवळ गायबच. उतरवलं तर सुळका दिसायला लागला, पण लोखंडाभोवती नुसत्या रेघोट्या. शेवटी दोन वेगळे स्कॅन घेऊन एकावर एक बसवले, तेव्हा कुठे सगळं नीट दिसलं. एवढा दरारा दाखवणारा तो सुळका आतून पोकळ! लाकडाच्या पातळ कामट्या, त्यावर कागदाचे थर, वरून उरुशी झाडाच्या चिकाचं रोगण. आपल्याकडे कागदी लगद्याचे गणपती करतात, त्याच जातीचं काम. खरं लोखंड खाली, डोक्याला चिकटून बसणाऱ्या वाटीपुरतं: कपाळापासून मागे मानेपर्यंत एक रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना एकेक पत्रा, खाली गोल पट्टी आणि रिव्हेट. मानेवरच्या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या होत्या. रेशीम स्कॅनमध्ये उमटलंच नाही, त्यामुळे पट्ट्या हवेत तरंगताना दिसत होत्या.

मी थोडा हिरमुसलो. मला 62 पत्रे जोडून केलेली, उभ्या शिरा उठलेली वाटी बघायची होती. मिओचिन घराण्याचे कारागीर तसल्या वाट्या करत. बाईंना मात्र हीच जास्त आवडली. 1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदुका आल्या, पुढे लढायांत फौजा फुगत गेल्या, आणि अशी चार-पाच पत्र्यांची, लवकर होणारी, मजबूत वाटी सगळीकडे चालली. पण गर्दीत सरदार ओळखू यायला हवा ना? मग वर कागदाचा डोलारा. वजन न वाढवता उंची मिळते. मला तर हे डोकं वाट्या घडवणाऱ्यांपेक्षाही तल्लख वाटलं.

बाईंना खरी काळजी होती ती रोगणाला गेलेल्या चिरांची. वरच्या चिरा कागदापाशीच थांबल्या होत्या. पण सुळका वाटीला जिथे जोडलाय, तिथली एक चीर थेट सांध्यात उतरलेली. ती मी स्क्रीनवर तीन बाजूंनी छेद घेऊन दाखवली. प्रदर्शनासाठी आता आतून वाटीला आधार देणारा स्टँड करायचं ठरलं.

आमच्या रिपोर्टच्या फॉर्मात 'पास/फेल' असा रकाना असतो. मी तो कोरा सोडला. क्वालिटीवाल्यांनी फॉर्म अपूर्ण म्हणून परत पाठवला.