काउलीचं पुस्तक, नौपाड्याची अँबॅसिडर

ऑक्सफर्डमध्ये माझ्या घरापासून बसने थोड्याच अंतरावर काउलीचा मोटार कारखाना आहे. आता तिथे मिनी तयार होतात. 1950च्या दशकात तिथून मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज 3 बाहेर पडायची. हीच गाडी पुढे बंगालमध्ये उत्तरपाड्याला अँबॅसिडर म्हणून बनू लागली आणि 2014पर्यंत बनत राहिली. म्हणजे बाबांच्या गाडीचं आजोळ माझ्या शेजारीच!

बाबांची अँबॅसिडर 1972ची, मार्क 2. ठाण्याला नौपाड्यात सोसायटीच्या कंपाउंडमध्ये उभी असते. चाळीस वर्षं ती एकाच मेस्त्रींनी सांभाळली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून कुठला टॅपेट (इंजिनच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा भाग) वाजतोय ते सांगायचे. ते थकून गावी गेले. मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधली पट्टी, गेलं तेव्हा गाडी दुसऱ्या गॅरेजला दिली. तीन महिन्यांत पुन्हा ऑइलमध्ये पाणी! हेडचे नट एका कडेपासून, हाताच्या अंदाजाने आवळले होते. बाबा फोनवर फार बोलले नाहीत, पण आवाज पडला होता.

दरवर्षी सप्टेंबरमध्ये इथे न्यू फॉरेस्टमधल्या ब्यूली गावी जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. मैदानभर गंजलेले मडगार्ड, डायनॅमो, हेडलाइटच्या काचा. तिथे एका खोक्यात मला सिरीज 3चं कंपनीचं मूळ वर्कशॉप मॅन्युअल मिळालं. कोपरे मऊ झालेले, पानांवर ग्रीसचे अंगठे, समासात कुणीतरी पेन्सिलीने केलेली बेरीज. एवढं हाताळलेलं पुस्तक म्हणजे ते खरंच कामाला आलेलं पुस्तक.

घरी बसून स्वतःची गाडी दुरुस्त करणाऱ्यांसाठी इथे हेन्सची पुस्तकं प्रसिद्ध आहेत. त्यांचं पहिलं मॅन्युअल 1966 साली निघालं. ती चांगलीच आहेत. पण कंपनीचं पुस्तक वर्कशॉपमधल्या माणसासाठी लिहिलेलं असतं. नट सोडवायचा कसा हे ते शिकवत नाही. दोन भागांत फट किती हवी, झीज किती चालेल, नट किती ताकदीने आणि कुठल्या क्रमाने आवळायचा, हे सांगतं. गाडी ज्यांनी आखली त्यांचे हे आकडे आहेत, अंदाज नव्हेत. नेटवर स्कॅन मिळतात, पण माझ्याकडच्या स्कॅनमध्ये 3 आणि 8 सारखेच दिसायचे. टॉर्कच्या, म्हणजे आवळण्याच्या ताकदीच्या, आकड्यात असं झालं तर बोल्टच तुटायचा.

हेडचं पान मी फोटो काढून पाठवलं. चित्रात नटांना क्रमांक दिलेत: मधून सुरुवात करून बाहेर जायचं, टप्प्याटप्प्याने. जुन्या मेस्त्रींचा हाताखालचा पोरगा आता स्वतः काम करतो, त्याने टॉर्क पाना आणला आणि तसंच आवळलं.

टॅपेटची फट लावायच्या दिवशी मी व्हिडिओ कॉलवर होतो. बाबा हँडल मारून इंजिन हळूहळू फिरवत होते. पुस्तकातला तक्ता मी वाचून दाखवला: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिल्याची फट लावायची, सहावा उघडला की तिसऱ्याची, चौथा उघडला की पाचव्याची. पोरगा थांबला, बोटं मोजली आणि म्हणाला, "साहेब, बेरीज नऊच येते!" खरंच, आठही व्हॉल्व्हच्या जोड्यांची बेरीज नऊ. मेस्त्री हे न बोलता करत असणार; आम्ही कधी विचारलंच नाही, याची आता खंत वाटते.

एक मात्र सांभाळायला हवं. आपल्याकडे पुढे बदललेल्या भागांना काउलीचे आकडे डोळे मिटून लावायचे नाहीत. कार्ब्युरेटर किंवा वायरिंग आधी ताडून बघायचं. आणि जुनी गाडी विकत घेताना मालकाकडे असं पुस्तक असेल तर ते आधी मागून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

गाडी आता तलावपाळीपर्यंत रोज जाऊन येते. पोरग्याने त्या पानांचे प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलेत. हेडच्या पानावर मराठीत लिहिलंय, "मधून सुरू कर. घाई नको." काल बाबांचा मेसेज आला: ब्रेकची पानं पाठव.